ती धून नेमकी कुणाची? ‘डॉक्टर हू’च्या आवाजाची गोष्ट

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा गर्दीत कानात हेडफोन घालून उभं राहण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोपं वाटतं, त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आज एका धुनेबद्दल बोलायचंय. जेमतेम दोन-अडीच मिनिटांची धून आहे, पण तिच्यामागे एक विज्ञानकथा-मालिका साठ वर्षांहून जास्त काळ चालत आलीये. मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’.

माझी आणि या मालिकेची ओळख हॉस्टेलवर झाली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर अख्खे सीझन पडलेले असायचे, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते बघायची खास इच्छा व्हायची. बाकी मालिकांची सुरुवातीची पाटी आम्ही पुढे ढकलायचो, पण हिची कुणी ढकलायचं नाही. खालून तो धडधडत येणारा ठेका, आणि त्याच्यावर कुणीतरी लांबून हाका मारतंय असा सूर. एकदा रूममध्ये वाद झाला, की हे वाद्य कुठलं? गिटार वाजवणारा मित्र म्हणाला, “थेरेमिन असणार.” दुसरा म्हणाला, “सिंथ आहे रे, सरळ.” मग मी १९६३ सालची मूळ धून शोधून लावली आणि सगळेच गप्प झालो. कारण ती नव्या धुनेपेक्षा जुनी वाटतच नव्हती. उलट नवीच जरा जुनी वाटायला लागली.

थेरेमिनही चूक होतं आणि सिंथही. त्या धुनेत मुळात वाद्य असं नव्हतंच. विकत मिळणारा सिंथेसायझर तेव्हा बाजारात आलाच नव्हता. मग ती केली कशी, आणि केली कुणी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पटकन सापडलं. दुसऱ्यात मी बराच अडकलो, आणि का अडकलो ते पुढे सांगतो.

शनिवार संध्याकाळ, १९६३

आधी थोडी पार्श्वभूमी. बीबीसीला शनिवारी संध्याकाळी घरातली लहान-मोठी सगळी एकत्र बसून बघतील अशी मालिका हवी होती. नाट्यविभागाचे प्रमुख होते सिडनी न्यूमन, कॅनडाहून आलेले. त्यांनी निर्मातीपदावर बसवलं व्हेरिटी लॅम्बर्ट यांना. वय वर्षं सत्तावीस. म्हणजे साधारण माझं आत्ताचं वय! पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन, वय पंचवीसच्या आत-बाहेर, जन्म लखनौचा. त्याची आई अतिया हुसेन या लेखिका. म्हणजे सगळे बडे साहेब सूटबूट घालून बसलेल्या त्या इमारतीत एक तरुण बाई आणि एक लखनवी मुलगा ही मालिका उभी करत होते. याच वारिस हुसेननी पुढे बीबीसीसाठी ‘अ पॅसेज टू इंडिया’ही दिग्दर्शित केलं.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचं लक्ष कुठे असणार? म्हणून पुढच्या आठवड्यात तोच पहिला भाग पुन्हा दाखवून मग दुसरा दाखवला. इतक्या वाईट मुहूर्तावर सुरू झालेली ही मालिका.

लॅम्बर्टबाईंना शीर्षक-संगीत वेगळं हवं होतं. ओळखीचं वाटेल, पण परकंही वाटेल असं. सुरुवातीला त्यांच्या डोक्यात एक फ्रेंच मंडळी होती, जी काचेच्या दांड्यांच्या वाद्यांवर वाजवायची. ते काही जमलं नाही. मग नाव पुढे आलं रॉन ग्रेनर यांचं. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, टीव्ही मालिकांच्या शीर्षक-संगीतात तेव्हा त्यांचं नाव होतं. ग्रेनरनी चाल लिहिली. पण कागदावर सुरांबरोबर त्यांनी ‘ढग’, ‘वाऱ्याचा बुडबुडा’ असे शब्दही लिहिले होते. आता बुडबुडा वाजवणार कोण? तो कागद गेला लंडनच्या मेडा व्हेल भागात, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये.

भंगारातली प्रयोगशाळा

हे वर्कशॉप म्हणजे भारी प्रकरण. १९५८ साली सुरू झालं. ते सुरू व्हावं म्हणून भांडणाऱ्यांत डॅफ्ने ओरम ही बाई आघाडीवर होती. तिच्याबरोबर डेस्मंड ब्रिस्को. रेडिओच्या नाटकांना विचित्र आवाज लागायचे, स्वप्नाचे, भीतीचे, डोकं फिरल्याचे. ते पुरवायला हा विभाग. जागा मिळाली ती मेडा व्हेलच्या स्टुडिओत, जी इमारत मुळात चाकांच्या बुटांवर घसरायची रिंक म्हणून बांधलेली होती. आणि सामान? दुसऱ्या विभागांनी टाकून दिलेलं. यंत्रं तपासायला वापरतात ते ऑसिलेटर, जुनी टेपयंत्रं, फिल्टर, ब्लेड आणि चिकटपट्टी.

सगळ्यात गमतीची गोष्ट अशी, की इथल्या लोकांना ‘संगीतकार’ म्हणायचं नाही असा रिवाज होता. ते कर्मचारी, सहाय्यक. संगीत करणं हे संगीत विभागाचं काम. हे लोक ‘आवाज’ करणार. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाल आली ती डीलिया डार्बीशर यांच्या टेबलावर. जन्म १९३७चा, कॉव्हेंट्रीचा. नोव्हेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर जवळजवळ जमीनदोस्त केलं, तेव्हा ही मुलगी तीन वर्षांची. विमानं येण्याआधी वाजणारा तो भोंगा, आणि धोका टळल्यावर वाजणारा दुसरा, सपाट भोंगा. तिने नंतर सांगितलंय, की विजेवर केलेल्या संगीताची आपली ओढ तिथून आली. पुढे ती प्रेस्टनला राहायला गेली, तर तिथे पहाटे गिरणीला जाणाऱ्या कामगारांच्या लाकडी बुटांचा दगडी रस्त्यावर होणारा खडखडाट. गिरणगावात ज्यांचे आजी-आजोबा राहिलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. भोंग्यावर दिवस उगवायचा आणि भोंग्यावर मावळायचा.

हे वाचल्यावर मी ती धून पुन्हा ऐकली. वरचा तो सूर एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातो. भोंगा असाच चढतो आणि उतरतो. आता मला ते ऐकू आल्याशिवाय राहत नाही. तुम्हालाही येईल. त्याबद्दल आधीच माफी.

डार्बीशर शाळेत गणितात हुशार. शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गेल्या, गणित आणि संगीत शिकून १९५९ला बाहेर पडल्या. मधल्या काळात आपले जयंत नारळीकरही गणित शिकायला केंब्रिजला पोचले होते, १९५७ साली. एकाच गावात, एकाच विषयाच्या पुस्तकांत डोकं घालून, एक जण आकाशाकडे बघत होता आणि एक जण आवाजाकडे. दोघांचीही वाट पुढे विज्ञानकथेवरून गेली, हे मला फार आवडतं.

पदवी घेऊन डार्बीशर डेका या रेकॉर्ड कंपनीकडे नोकरी मागायला गेल्या. उत्तर मिळालं, आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. विषय संपला. १९६०ला त्या बीबीसीत स्टुडिओ सहाय्यक म्हणून लागल्या आणि १९६२ला स्वतः मागून वर्कशॉपमध्ये गेल्या. तिथे जायला कुणी उत्सुक नसायचं, आणि ही मुलगी म्हणतेय मला तिथेच पाठवा!

ब्लेड, टेप आणि लांब कॉरिडॉर

आता माझा आवडता भाग. इंजिनिअर मंडळींनी खुर्ची पुढे ओढा.

खालचा जो धडधडता ठेका आहे, तो एका तारेचा आवाज आहे. एकच तार, छेडलेली, टेपवर रेकॉर्ड केलेली. टेप दुप्पट वेगाने चालवली की आवाज बरोबर एक सप्तक वर जातो. निम्म्या वेगाने चालवली की एक सप्तक खाली. मधले सूर हवे असतील तर वेग त्या हिशेबाने बदलायचा. प्रत्येक अर्ध्या सुरासाठी साधारण १.०६ने गुणायचं. असं करत करत एका छेडलेल्या तारेतून ठेक्याला लागणारे सगळे सूर मिळवले. हे काम गणितवालीलाच सुचणार.

पण सूर मिळाले म्हणजे ठेका झाला का? नाही. प्रत्येक सूर म्हणजे टेपचा एक तुकडा. समजा टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने चालतेय, म्हणजे १५ इंच. मग पाव सेकंदाचा सूर म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा. पट्टीने मोजा, ब्लेडने कापा, चिकटपट्टीने पुढच्याला जोडा. दोन मिनिटांची एक पट्टी म्हणजे पंचेचाळीस मीटर टेप. आणि अशा एकाहून जास्त पट्ट्या. ठेका वेगळा, वरचा सूर वेगळा, फुसफुस-बुडबुड वेगळी. वरचा सूर त्या तपासणीच्या ऑसिलेटरमधून काढला, बटण हाताने फिरवून. तो सरकतो तो म्हणून. वाऱ्यासारखी फुसफुस आहे तो पांढरा गोंगाट, म्हणजे बंद पडलेल्या चॅनलवर यायचा तसा खरखराट, फिल्टरमधून गाळलेला.

मग या पट्ट्या एकत्र कशा करायच्या? एकाच टेपवर वेगवेगळे ट्रॅक ठेवायची सोय वर्कशॉपकडे नव्हती. म्हणून वेगवेगळ्या यंत्रांवर पट्ट्या चढवायच्या, सगळी यंत्रं एकाच क्षणी सुरू करायची, आणि देवाचं नाव घ्यायचं. एक यंत्र जरा मागे-पुढे झालं की पुन्हा पहिल्यापासून.

डार्बीशर यांच्याबरोबर या कामात डिक मिल्स हा सहाय्यक होता. त्याने सांगितलेला एक किस्सा आहे. सगळं जोडून झालं आणि कुठेतरी एक सूर चुकतोय. नेमका कुठे, कळेना. शेवटी त्यांनी टेपा रिळावरून उलगडल्या, मेडा व्हेलच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये एकमेकींशेजारी जमिनीवर पसरल्या, आणि चालत चालत एकेक जोड तपासला. जिथे एका टेपचा जोड बाकीच्यांच्या जोडांशी जुळत नव्हता, तिथे चूक. मंडळी, हे डीबगिंग आहे! गुडघ्यांवर बसून केलेलं डीबगिंग. मी हा किस्सा ऑफिसात सांगितला तर एक सीनियर म्हणाला, “आपण स्क्रीनवर लॉगची दोन पानं शेजारी लावतो ते दुसरं काय असतं?”

तयार झालेली धून ग्रेनरना ऐकवली. ते चाटच पडले. हे मी लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. त्यावर डार्बीशर म्हणाल्या, बरंचसं तुम्हीच. या उत्तरात केवढी सभ्यता आहे बघा, आणि केवढा आत्मविश्वासही.

आता मुद्द्याचं

ग्रेनर भला माणूस. त्यांना मनापासून वाटलं, की यात बाईंचं नाव आणि मानधनातला वाटा असला पाहिजे. त्यांनी तशी खटपट केली. पण बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपचे लोक पगारी नोकर, त्यांचं नाव स्वतंत्र लावायचं नाही. श्रेय जाईल ते वर्कशॉपला. मघाशी म्हटलं होतं ना, संगीत वेगळं आणि ‘आवाज’ वेगळा? तो फरक इथे पैशात दिसतो. पडद्यावर ग्रेनरचं नाव आणि वर्कशॉपचं नाव. धून जगभर वाजत राहिली, तिची रॉयल्टी ग्रेनरच्या खात्यात. डार्बीशर यांना महिन्याचा पगार.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग विचार आला, की माझ्या नोकरीच्या करारातही हेच लिहिलंय. ऑफिसच्या वेळेत मी जे लिहीन ते कंपनीचं. मी सही केलीये, मला तक्रार नाही. आणि चाल ग्रेनरचीच होती हेही खरं. तिच्याशिवाय डार्बीशर यांनी कापलं काय असतं? त्यामुळे ‘एकाने दुसऱ्याचं ढापलं’ अशी ही सोपी गोष्ट नाही. कागदावरची चाल एकाची आणि कानावर पडणारी धून दुसरीची, आणि या दुसऱ्या गोष्टीला काय नाव द्यायचं हे तेव्हाच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

इथे मला एक सांगायचंय. हे सांगावं की नाही यावर दोन दिवस घालवले.

मागच्या वर्षी आमच्या टीमला एक रिपोर्ट वेगवान करायचं काम होतं. ग्राहकाकडे तो चालायला चाळीस मिनिटं लागायची. आराखडा माझा होता, पण त्यातली खरी मेख एका इंटर्नने सोडवली. शेवटच्या वर्षाची मुलगी. दोन आठवडे तिने एकेक क्वेरी उलगडून बघितली, अगदी त्या कॉरिडॉरमधल्या टेपेसारखी, आणि गाडी नेमकी कुठे अडतेय ते शोधून काढलं. रिपोर्ट तीन मिनिटांवर आला. डेमो मी दिला. स्लाइडवर लिहिलं ‘आमच्या टीमने’. शाबासकी मला मिळाली. ती त्या कॉलवर होती, माइक बंद करून. ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मनात म्हटलं, टीम म्हणजे त्यात तीही आलीच की.

बीबीसीनेही नेमकं हेच म्हटलं होतं. वर्कशॉप म्हणजे त्यात त्याही आल्याच.

फरक एवढाच, की ग्रेनरना नियम आडवा आला, आणि तरी त्यांनी विचारून बघितलं. मला तर कुठलाच नियम आडवा आलेला नव्हता.

प्रत्येक डॉक्टरची धून वेगळी

परत मालिकेकडे येऊ. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: यातला नायक मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, म्हणजे नवा नट येतो. माणूस तोच, चेहरा नवा. म्हणून तर ती इतकी वर्षं चालली. आणि गंमत म्हणजे धुनेचंही तसंच झालं.

वर्कशॉपने फक्त शीर्षक-संगीत केलं असं नाही. नायकाचं यान, ती निळी पेटी, टार्डिस. ती येते-जाते तेव्हाचा घरघर-धापा टाकल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसनचा. जुन्या पियानोचा सांगाडा घेतला, आणि त्याच्या तारांवरून आईच्या घराची किल्ली खरवडली. तो आवाज थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. जगातल्या कितीतरी मुलांना काळप्रवासाचा आवाज कसा असतो ते नक्की माहितीये, आणि तो एका माऊलीच्या घराच्या किल्लीचा आहे! डॅलेकांचा तो चिरका यांत्रिक आवाजही हॉजसनने रिंग मॉड्युलेटरमधून काढला.

साठ-सत्तरच्या दशकात भागांमधलं पार्श्वसंगीत सगळ्यात जास्त केलं ते डडली सिम्पसन यांनी. मोजके वादक, छोटं बजेट. १९७२च्या ‘द सी डेव्हिल्स’ या कथेला माल्कम क्लार्कने एका अवाढव्य सिंथेसायझरवर संगीत दिलं. ते काही लोकांना इतकं कर्कश वाटतं, की ते आवाज बंद करून बघतात. मला ते आवडतं. समुद्रातून वर येणारा सरपटणारा प्राणी बासरी वाजवत का येईल? त्याच वर्षी त्याच यंत्रावर शीर्षकाची धूनही नव्याने केली गेली. पण ती रुचली नाही आणि बासनात गेली. गंमत म्हणजे ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्या काही प्रतींवर ती चुकून राहून गेली.

१९८०ला पीटर हॉवेलने सिंथेसायझरवर चकचकीत धून केली, १९८६ला डॉमिनिक ग्लिनने, १९८७ला केफ मॅककलकने. १९८९ला मालिकाच बंद पडली. १९९८ला वर्कशॉपही बंद झालं. २००५ला मालिका परत आली तेव्हा संगीत मरे गोल्डकडे. त्याने ऑर्केस्ट्रा आणला, पण शहाणपणा असा केला, की डार्बीशर यांच्या मूळ टेपमधले आवाज आपल्या धुनेत ठेवले. आम्ही हॉस्टेलवर ऐकली ती ही.

चाहता म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर कॉमेंटमध्ये भांडा. गोल्डचं संगीत मला रडवतं, आणि कधीकधी रडवण्याआधी सूचनाही देतं, की आता रडायचंय हं. व्हायोलिन आलं की आपल्याला माहिती असतं. लहानपणापासून शेकडो सिनेमांनी ते शिकवलेलं असतं. डार्बीशर यांच्या धुनेत ओळखीचं एकही वाद्य नाही, त्यामुळे मनाला पकडायला काही सापडतच नाही. आनंदी आहे? भीतीदायक आहे? तुमचं तुम्ही ठरवा. शिवाय वाद्य म्हटलं की त्याला साल चिकटतं. ऐंशीच्या दशकातला सिंथ ऐंशीचाच वाटतो. तारेच्या तुकड्यांचं तसं नाही. म्हणून ती १९६३ची धून जुनी होत नाही.

२०१८ला सेगुन अकिनोला आला, तेव्हा त्याने बराचसा फुलोरा उतरवला आणि मूळ धुनेच्या जवळ गेला. त्याच वर्षी ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ नावाचा भाग आला, १९४७च्या फाळणीवर, विनय पटेल यांनी लिहिलेला. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. भाग संपला, पाट्या वर सरकायला लागल्या, आणि नेहमीच्या धुनेऐवजी तीच चाल आपल्याकडच्या गळ्यातून, आपल्याकडच्या आलापीच्या ढंगात आली. कुणीच लॅपटॉप बंद केला नाही. कॉव्हेंट्रीच्या भोंग्यातून निघालेली चाल पंजाबात पोचली होती, आणि ती परकी वाटत नव्हती. दोन्हीकडे लोक घरं सोडून पळालेच होते ना.

राहतो तो आवाज

आता एक शेवटची गोष्ट. साठच्या दशकात बीबीसी जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायची. टेप महाग, आणि जुना भाग पुन्हा कोण बघणार? त्यामुळे ‘डॉक्टर हू’चे नव्वदच्या वर भाग चित्ररूपात आज नाहीत. पण आवाज? आवाज प्रत्येक भागाचा आहे. कारण त्या काळात काही पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्यांना गप्प बसवून, भागच्या भाग रेकॉर्ड करून ठेवायची. एका बलाढ्य संस्थेने जे पुसलं, ते पोराटोरांनी सांभाळलं. पॉडकास्ट करणाऱ्या माणसाला याहून मोठा दिलासा काय हवा?

डार्बीशर यांनी १९७३ला बीबीसी सोडली. पुढे त्यांनी वेगवेगळी कामं केली. गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्यांकडे रेडिओ ऑपरेटर होत्या, कलादालनात होत्या, पुस्तकांच्या दुकानात होत्या. संगीताकडे त्या परत वळल्या ते अगदी शेवटी, नव्या पिढीच्या वादकांनी त्यांना शोधून काढलं तेव्हा. ३ जुलै २००१ला त्या गेल्या. त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेपा सापडल्या, सकाळच्या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांत भरलेल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाने जतन केल्यात.

मालिका २००५ला परत आली ते त्यांनी पाहिलं नाही. २३ नोव्हेंबर २०१३ला मालिकेला पन्नास वर्षं झाली, तेव्हाच्या खास भागात शीर्षक-संगीताच्या श्रेयात पहिल्यांदा डीलिया डार्बीशर हे नाव पडद्यावर आलं. धून केल्याला पन्नास वर्षं होऊन गेलेली, त्या जाऊन बारा वर्षं.

हा भाग लिहायला घेतला त्या रात्री मी त्या इंटर्नला मेल केली. तिची इंटर्नशिप केव्हाच संपलीये, ती आता दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. त्या कामाच्या कागदपत्रात तिचं नाव घातलं, मॅनेजरना आणि टीमला लिहून कळवलं, आणि तिलाही त्याची प्रत पाठवली. तिच्याकडून उत्तर आलं, फक्त अंगठा. आभाराचा होता की ‘आता काय उपयोग’चा, ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. ती धून कशी, आनंदी की दुसरं काही, ते ठरत नाही ना? तसंच.

तर मंडळी, आज रात्री हेडफोन लावा आणि १९६३ची मूळ धून ऐका. खालचा ठेका नीट ऐका. प्रत्येक ठोका म्हणजे ब्लेडने कापलेला एक तुकडा आहे, आणि तो कापणाऱ्या हाताचं नाव आता तुम्हाला माहितीये.

जाता जाता. या पॉडकास्टचं एडिटिंग पहिल्या भागापासून माझी धाकटी बहीण करते. मी कुठल्याच भागात तिचं नाव घेतलेलं नाही. काल तिला म्हटलं, आजच्या भागात घेतो. ती म्हणाली, “दादा, नाव राहू दे. माइक घ्यायला माझ्याकडून घेतलेले पैसे तेवढे परत दे.”

नावही द्यायचं आणि पैसेही, हे खरं उत्तर. त्यातलं नाव तिने घेऊ दिलं नाही. पैसे आत्ताच पाठवलेत.

भेटू पुढच्या भागात.